हलू नये म्हणून घडवलेली चकती

अमेरिकेत डोंगरमाथ्यावरच्या कातळात, रेल्वेपुलाच्या दगडी पायात, जुन्या कोर्टाच्या पायरीवर धातूची एक चकती बसवलेली सापडते. तळहातावर मावेल एवढी, साधारण नऊ सेंटिमीटर व्यासाची, पितळेची किंवा काशाची. कडेने गोल फिरणारी अक्षरं वाचली की तीन गोष्टी कळतात: चकती कुठल्या सरकारी खात्याची, अधिक माहितीसाठी वॉशिंग्टनला कुणाला पत्र लिहायचं, आणि खूण हलवलीत तर २५० डॉलर दंड किंवा तुरुंग. मधल्या मोकळ्या जागेत हातोडीने ठोकलेलं एखादं नाव आणि साल. ही ठोकलेली अक्षरं बहुधा थोडी तिरकी असतात, कारण ठोकणारा माणूस उन्हात गुडघ्यावर बसलेला होता.

या चकतीला काम एकच, जागेवरून न हलणं. आणि आज हुबेहूब तशी चकती, वर स्वतःचं टोपणनाव घालून, कारखान्यातून टपालाने मागवता येते, खिशात घालून हिंडवता येते, दुसऱ्याच्या चकतीशी बदलता येते. गिऱ्हाईक आहेत जिओकॅशिंगचे शौकीन. कुणीतरी डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी जीपीएसच्या आधाराने तो हुडकून आतल्या वहीत सही करायची, असा हा खेळ. त्यात सरकारी मोजणीची खूण कुठून शिरली आणि शिरल्यावर ती संग्रहाची वस्तू कशी झाली, हे पाहायचं तर सुरुवात इंग्लंडातल्या भिंतींपासून करावी लागते.

ब्रिटनच्या ऑर्डनन्स सर्व्हेने १८४०च्या सुमारास देशभर उंच्या मोजायला घेतल्या, तेव्हा धातूची चकती वगैरे भानगड नव्हती. चर्चच्या किंवा पुलाच्या भिंतीत छिन्नीने एक आडवी खाच पाडायची आणि तिच्याखाली तीन रेघांचा बाण कोरायचा. त्या खाचेत लोखंडी कोन अडकवला की टीचभर बाकडं तयार होई. त्यावर मोजपट्टी उभी करायची. दहा वर्षांनी दुसरा कुणी आला तरी त्याची पट्टी नेमकी त्याच उंचीवर टेकली पाहिजे, यासाठी हा सारा खटाटोप. बेंचमार्कमधला बेंच तो हाच. बाण मात्र मोजणीचा नव्हे, सरकारी मालकीचा. तो लष्करी सामानावरही असे आणि कैद्यांच्या कपड्यांवरही. एके काळी ब्रिटनभर अशा खुणांची संख्या पाच लाखांच्या घरात होती. पुढे भिंतीत बसवायचे धातूचे कंस आले, १९३६पासून डोंगरमाथ्यांवर काँक्रीटचे खांब उभे राहिले. पण छिन्नीच्या खाचा जितक्या टिकल्या तितकं दुसरं काही नाही. भिंत पाडल्याशिवाय खाच जात नाही, आणि चोरून नेण्यासारखं तिच्यात काही नसतं.

याच घराण्याची एक शाखा आपल्याकडे आली. विल्यम लॅम्टन या ब्रिटिश मोजणीदाराने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पायारेषा मोजायला सुरुवात केली, आणि वीस वर्षं देश मोजत उत्तरेकडे सरकताना २० जानेवारी १८२३ला हिंगणघाटला त्याने प्राण सोडला. त्याची कबर तिथेच आहे. उंचीची मोजणी त्यानंतर पस्तीस वर्षांनी, १८५८ साली सुरू झाली. १९०९ साली देशाची समुद्रसपाटी ठरवली गेली ती नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून. त्यांत मुंबईचं अपोलो बंदर होतं आणि कारवारही होतं. नागपूरच्या झिरो माइलला लोक चार घोड्यांच्या पुतळ्यांसोबत फोटो काढतात. पण मोजणीखात्याच्या लेखी मोलाचा आहे तो तिथला जीटीएसचा दगड, ग्रेट ट्रिगॉनॉमेट्रिकल सर्व्हेचा. ही शाखा दगडाचीच राहिली. चकतीचं कूळ पुढे वाढलं ते अमेरिकेत.

तिथेही आरंभ धातूने झाला नाही. किनाऱ्याच्या मोजणीचा कायदा १८०७ साली राष्ट्राध्यक्ष जेफरसनच्या काळात झाला आणि काम फर्डिनांड हॅस्लर या स्विस गृहस्थावर सोपवलं गेलं. हॅस्लर विलक्षण काटेकोर. साधनं आणायला युरोपात गेला तो काही वर्षं तिकडेच अडकला, आणि प्रत्यक्ष मोजणी सुरू व्हायला १८१६ उजाडलं. दोन वर्षांत काँग्रेसने त्याला घरी बसवलं, १८३२ साली पुन्हा बोलावलं. मोजणीची जागा दाखवायला त्याच्या लोकांनी हाताला येईल ते वापरलं: खडकात पाडलेलं भोक, जमिनीत पुरलेले भाजक्या मातीचे शंकू, काचेच्या बाटल्या, दगडी बरण्या, तांब्याचे खिळे. न्यूयॉर्क राज्यात ‘बटरमिल्क’ नावाचं एक ठाणं आहे. १८३३ साली खडकात पाडलेलं भोक, एवढीच त्याची खूण; आणि त्या देशातल्या शाबूत असलेल्या मोजणीखुणांमध्ये तीच सर्वांत जुनी मानली जाते. पुढे लाखो चकत्या बसल्या, रस्ता रुंदीकरणात हजारो उखडल्या. ताकाच्या नावाचं ते भोक आहे तिथेच आहे.

बाटली पुरण्याची युक्ती मला सगळ्यात आवडते. बाटली कुजत नाही, गंजत नाही, आणि ती कुणी उकरून काढणार नाही, कारण ती तिथे आहे हेच कुणाला माहीत नसतं. ही सवय चकतीच्या काळातही टिकली. महत्त्वाच्या ठाण्यावर वर दिसणाऱ्या चकतीच्या बरोबर खाली, काही फूट खोल, दुसरी खूण पुरून ठेवत. वरची कुणी उखडली तरी जागा हरवू नये. शिवाय आजूबाजूला दोन-तीन साक्षीदार चकत्या, प्रत्येकीवर मुख्य खुणेच्या दिशेने बाण. मोजणीवाल्यांचा माणसांवर विश्वास फारसा नव्हता, हे यावरून दिसतं.

धातूची चकती सरसकट आली ती १८९६च्या एका कायद्यामुळे. अमेरिकेचं भूशास्त्र सर्वेक्षण नकाशे छापत होतं, पण नकाशावरची उंची जमिनीवर नेमकी कुठे, हे दाखवायला काही नव्हतं. काँग्रेसने फर्मावलं की टाउनशिपमागे, म्हणजे सहा मैल गुणिले सहा मैलांच्या चौकोनामागे, निदान दोन कायमच्या खुणा असल्याच पाहिजेत. घनदाट अरण्यात आणि डोंगराळ मुलखात निदान एक तरी. इतक्या खुणा करायच्या म्हटल्यावर दर ठिकाणी पाथरवट नेणं परवडणार नव्हतं. एका साच्यातून निघणारी, पेटीत भरून खेचरावर लादता येणारी वस्तू हवी होती. चकतीच्या पाठीला बोटभर दांडा असे. कातळात भोक पाडायचं, सिमेंट भरायचं, दांडा दाबून बसवायचा. छापील मजकूर कारखान्यातून येई. ठाण्याचं नाव आणि साल मात्र जागेवर, अक्षरांचे पंच हातोडीने ठोकून उमटवायचं.

संग्राहकाला वेड लावणाऱ्या बहुतेक गोष्टी या दोन थरांतून जन्मल्या आहेत, एक साच्याचा थर आणि एक हाताचा. साच्यावरून काळ कळतो. खात्यांची नावं बदलत गेली, १८७८ साली कोस्ट सर्व्हेचं कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे झालं, १९७० नंतर नॅशनल जिओडेटिक सर्व्हे, आणि प्रत्येक बदल चकतीच्या कडेवर उमटला. मध्ये त्रिकोण असेल तर ते त्रिकोणमितीचं ठाणं, बाण असेल तर साक्षीदार. काही जुन्या चकत्यांवर समुद्रसपाटीपासूनची उंची फुटांत लिहायला कोरी जागा असे. ती जागा पुढे अडचणीची ठरली. नव्याने मोजणी झाली की आकडा फुटा-अर्ध्या फुटाने बदलणार, आणि धातूवर ठोकलेला आकडा खोडणार कसा? म्हणून आकडा कागदोपत्री ठेवायचा आणि चकतीवर फक्त नाव, असा रिवाज पडला. हाताच्या थरात माणसं दिसतात. उंचीच्या खुणांना ‘के ४२’ अशी रुक्ष नावं. त्रिकोणमितीच्या ठाण्यांना मात्र शेतमालकाची, टेकडीची, ओढ्याची, क्वचित कुणाच्या तरी लहरीची. उलटं ठोकलेलं एखादं अक्षर, चुकून वर चढलेला दुसरा अंक, असलं काही दिसलं की शौकिनाचे डोळे चमकतात.

दंडाच्या मजकुराबद्दल एक सांगावंसं वाटतं. आपल्याकडे शिलाहारांच्या काळापासून दानाच्या जमिनीवर गधेगाळ उभी करीत. वर चंद्र-सूर्य, खाली लेख, आणि दान मोडणाऱ्याला इतकी अभद्र शिवी चित्रासकट कोरलेली की आजही गाइड ती समजावून सांगताना चाचरतो. अमेरिकन चकतीवरचे २५० डॉलर म्हणजे त्याच शिवीचा सभ्य अवतार. सध्याच्या संघराज्य कायद्यात सरकारी मोजणीची खूण जाणूनबुजून बिघडवणाऱ्याला दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. या चकतीचं रूपच असं की धमकी हा तिच्या नक्षीचा भाग होऊन बसला आहे. मागणीनुसार चकत्या घडवून घेणारे लोक हौसेने तिथे स्वतःची धमकी घालतात, ‘हलवाल तर कॉफी पाजावी लागेल’ अशा थाटाची.

१९३०च्या दशकात मंदी आली आणि बेकारांना काम देण्यासाठी सरकारने ज्या योजना काढल्या त्यांत मोजणीही होती. चकत्यांचं पीक आलं ते तेव्हा. सरकारी खुणांत काही त्याआधीच्या, तऱ्हेवाईकही आहेत. वॉशिंग्टन स्मारकाच्या दक्षिणेला जमिनीखाली, मॅनहोलच्या झाकणाआड, त्याच स्मारकाची बारा फुटी प्रतिकृती उभी आहे. १८८०च्या दशकात बसवलेली ही उंचीची खूण आहे. वरून हजारो पर्यटक चालत जातात.

आता २००० साल. जीपीएसचा नागरी संदेश अमेरिकी लष्कर मुद्दाम बिघडवून सोडत असे, त्यामुळे सामान्य माणसाचं यंत्र शंभर मीटरपर्यंत चुकायचं. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने २ मे २०००च्या पहाटे तो बिघाड बंद झाला आणि एका रात्रीत जगभरची यंत्रं वीस मीटरच्या आत बोलू लागली. दुसऱ्याच दिवशी, ३ मेला, डेव्ह उल्मर या संगणकतज्ज्ञाने ऑरेगनमधल्या बीव्हरक्रीकजवळच्या रानात एक काळी बादली अर्धवट पुरली आणि तिची जागा जाहीर केली. आत पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गोफण आणि घेवड्याचा एक डबा. काही घ्या, काही ठेवा, वहीत लिहा, एवढाच नियम. महिनाअखेरीला खेळाला जिओकॅशिंग हे नाव मिळालं, सप्टेंबरात त्याचं संकेतस्थळ उभं राहिलं. उल्मरची बादली पुढे नाहीशी झाली. २००३ साली त्या जागी शौकिनांनी काय बसवलं? एक धातूची पाटी! खेळ जेमतेम तीन वर्षांचा, आणि त्यालाही आपली जागा धातूत ठोकून ठेवावीशी वाटली.

हातात जीपीएस, पायांना हिंडायची खाज आणि सरकारकडे लाखो खुणांची फुकट उपलब्ध असलेली यादी. जोडी जमायला वेळ लागला नाही. जिओकॅशिंगच्या संकेतस्थळाने राष्ट्रीय यादीतल्या सात लाखांहून अधिक खुणा आपल्याकडे घेतल्या, आणि डबा लपवायची गरजच उरली नाही. सरकारने शे-दीडशे वर्षं आधीच लपवून ठेवलेल्या खुणा शोधायच्या होत्या. पण इथे नवख्यांची फजिती होई. उंचीच्या खुणांचे अक्षांश-रेखांश बऱ्याचदा कागदी नकाशावरून पट्टीने काढलेले असत. उंची मिलिमीटरपर्यंत चोख, जागा मात्र शेकडो फुटांनी चुकलेली. जीपीएस शेताच्या मध्यावर आणून सोडी, आणि चकती पलीकडच्या ओढ्यावरच्या मोरीत. अशा वेळी उपयोगी पडे ते खात्याचं जुनं टिपण: स्टेशनच्या पश्चिमेला इतके फूट, रुळापासून इतके, ओकच्या झाडापासून इतके. स्टेशन पाडलेलं, रूळ उचललेले, ओक तोडलेला. उपग्रहाचं यंत्र खिशात ठेवून १९३४च्या कारकुनाच्या वाक्यावर विसंबायचं, हा या नादाचा खरा कस. त्यात मुरलेले लोक सापडलेल्या खुणेची हालहवाल सरकारला कळवू लागले. राष्ट्रीय नोंदीत कळवणाऱ्याच्या रकान्यात ‘जिओकॅक’ असा संकेत दिसतो, तो या हौशी मंडळींचा.

फक्त शोधून कुणाचं समाधान होतं? डब्यातून काहीतरी घेण्याची सवय जिओकॅशरला लागलेलीच होती, आणि ही एकच गोष्ट अशी की जी घ्यायची नाही. २००१ साली एका शौकिनाने स्वतःच्या नावाची नाणी पाडून डब्यांत सोडली आणि जिओकॉइनची प्रथा सुरू झाली; अनुक्रमांक असलेलं नाणं एका डब्यातून दुसऱ्या डब्यात, एका देशातून दुसऱ्या देशात जातं आणि त्याचा प्रवास नोंदला जातो. ज्यांचं मन बेंचमार्कमध्ये अडकलं होतं त्यांना नाण्याऐवजी चकती हवी वाटली, यात नवल नाही.

ती घडवणारे कारखाने आधीच होते, आणि मागणीप्रमाणे मजकूर घालायचं तंत्रही. अमेरिकेत खासगी मोजणीदार जमिनीची हद्द आखून कोपऱ्यावर खूण ठेवतो, तेव्हा अनेक राज्यांत त्याचा परवाना क्रमांक त्या खुणेवर असावा लागतो. म्हणजे प्रत्येक मोजणीदाराला स्वतःच्या मजकुराच्या टोप्या आणि चकत्या लागणार. शहरं, महामार्ग खाती, धरणं, सगळ्यांना आपापलं नाव हवं. म्हणून हा धंदा मुळातच थोड्या थोड्या नगांचा, दर वेळी वेगळ्या मजकुराचा. त्यात एखाद्या डोंगरभटक्याने पंचवीस चकत्या मागितल्या तर कारखान्याला त्याचं काही अप्रूप नाही. धातू निवडा: कासं, पितळ, ॲल्युमिनियम. माथा सपाट की किंचित घुमटाकार ते सांगा. कडेवर काय, मध्ये काय, कोरी जागा किती ते लिहून द्या. खऱ्या मोजणीच्या खुणेत शोधयंत्राला कळावं म्हणून लोहचुंबकही बसवून मिळतो, कारण पितळ किंवा ॲल्युमिनियम चुंबकीय शोधकाला दिसत नाही. शौकीनही तो मागतात. कुणी चकतीच्या पाठीमागे वहीचं भेंडोळं दडवून ती लोखंडी खांबाला चिकटवतात, सरकारी खूण समजून लोक शेजारून निघून जातात, आणि लपवणारा मनातल्या मनात हसतो.

माझ्या मते चांगली चकती ती, जिच्या मधली जागा कोरी ठेवलेली असते. मजकूर पूर्ण छापून घेतला की ते सुबक पेपरवेट होतं, बाकी काही नाही. पंचांचा डबा आणून आपलं ठिकाण आणि साल आपल्या हाताने ठोकलं, एखादं अक्षर घसरलं, तर ती वस्तू त्या घराण्यातली वाटते. राष्ट्रीय उद्यानांच्या दुकानांत शिखरावरच्या बेंचमार्कच्या छोट्या प्रतिकृती, फ्रिजला लावायचे चुंबक, टोपीला खोचायच्या पिना मिळतात. त्यांत सगळं गुळगुळीत असतं. म्हणूनच त्या कुणी डब्यात टाकल्या तर दुसरा उचलतो आणि विसरतो.

सरकारी खात्याचं नाव जसंच्या तसं कडेला घालून चकती बनवून घेणं मात्र मला खटकतं. घरात ठेवली तर एक वेळ ठीक, पण तशी चकती कुणी वाटेवरच्या खडकात सिमेंटने बसवली तर पुढच्या मोजणीदाराचा दिवस वाया जातो. यादीत नसलेली खूण खोटी आहे हे ठरवायलाही तपास करावा लागतोच. शिवाय दुसऱ्याच्या जमिनीत काहीही पक्कं बसवायला मालकाची परवानगी हवी, हा जिओकॅशिंगचाही नियम आहे.

गंमत अशी की ज्या उपग्रहांनी हा छंद जन्माला घातला, त्यांनीच खऱ्या चकतीची नोकरी संपवत आणली. ऑर्डनन्स सर्व्हेने आपल्या बेंचमार्कची देखभाल केव्हाच सोडली. अमेरिका उंचीची जी नवी पद्धत आणते आहे तिचा आधार जमिनीतल्या चकत्यांवर नाही, गुरुत्वाकर्षणाच्या प्रतिमानावर आणि उपग्रहांवर आहे. जुने आकडे नव्यात बदलायचं गणित बसवण्यासाठी मात्र खात्याला चकत्यांवर जीपीएस ठेवून घेतलेली मापं हवी होती, आणि त्यासाठी त्याने लोकांना खास हाक दिली. चकतीचं शेवटचं मोठं सरकारी काम हे असं, आपल्या उत्तराधिकाऱ्याला आकडे पुरवण्याचं. दरम्यान २०२३च्या सुरुवातीला जिओकॅशिंगच्या संकेतस्थळानेही बेंचमार्कचा विभाग बंद केला. शोधाशोध थांबलेली नाही, तिची नोंद दुसरीकडे होते इतकंच. चकत्यांची मागणीही थांबलेली नाही.

त्यामुळे लिलावात जुन्या चकत्या येतात आणि त्यांत एक सोपी पारख चालते: पाठ दाखवा. दांडा स्वच्छ आणि मधली जागा कोरी असेल तर ती गोदामात पडून राहिलेली, कधीच न बसवलेली चकती. अशा बऱ्याच आहेत आणि त्यांच्याबद्दल सहसा कुणी आक्षेप घेत नाही. दांड्याला सिमेंट चिकटलेलं असेल आणि समोर नाव-साल ठोकलेलं असेल, तर ती जमिनीतून उपटलेली. ते नाव राष्ट्रीय यादीत घालून पाहिलं की ती कुठल्या गावच्या कुठल्या पुलावरून निघाली हेही कळतं. जाणते शौकीन असल्या मालाला हात लावत नाहीत, आणि विकणाऱ्याला कायद्याचं कलमही ऐकवतात. नव्या चकत्यांच्या बाबतीत हा प्रश्नच उरत नाही. शौकीन कारखान्याला आधीच सांगून टाकतात, दांडा नको, पाठ सपाट ठेवा, टेबलावर डुगडुगते.